बडोद्याहून व्हिएतनाम: दिवाळीत की मार्चमध्ये? एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

दांडिया बाजारातलं सहा जणांचं कुटुंब. आजोबा 74 वर्षांचे, आजी 70 च्या आणि त्यांचे गुडघे दुखरे. आई-बाबा दोघंही नोकरी करणारे. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, दोघांची शाळा सीबीएसईची. व्हिएतनामला जायचं नक्की होतं आणि तारीखही जवळपास ठरली होती. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर 2026 ला, भाऊबीज 11 ला, म्हणून 12 च्या रात्री अहमदाबादहून निघायचं. एजंटने तयार पॅकेज दिलं होतं: हनोईत दोन रात्री, हालाँग खाडीत बोटीवर एक, दा नांग आणि होई आनला तीन, हो चि मिन्ह सिटीत दोन. कागदावर छापलं होतं, ‘उत्तम काळ: ऑक्टोबर ते एप्रिल’.

या एका ओळीच्या भरवशावर सहा जणांचे पैसे भरले जाणार होते; त्याआधी कुटुंबाने आमचा सल्ला विचारला. हो चि मिन्ह सिटीसाठी ती ओळ बरीचशी बरोबर आहे, हनोईसाठी अर्धी बरोबर आहे आणि दा नांग-होई आनसाठी, निदान ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांपुरती, साफ चुकीची आहे. सहलीतल्या सर्वांत जास्त रात्री नेमक्या तिथेच होत्या.

देश एक, पावसाळे तीन

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण सुमारे 1,650 किलोमीटर लांब आहे. अक्षांश पाहिले तर आपल्याकडच्या कन्याकुमारीपासून भोपाळपर्यंतचा पट्टा होतो. हनोई जवळजवळ सुरतेच्या अक्षांशावर, दा नांग बेळगावच्या, हो चि मिन्ह सिटी कोइमतूरच्या. कन्याकुमारी आणि भोपाळ एकाच सहलीत, एकाच महिन्यात दाखवायचे म्हटले तर आपण आधी हवामान विचारू. परदेशाच्या बाबतीत मात्र देशाचं नाव घेतलं की एकच ऋतू असल्यासारखं बोललं जातं.

अक्षांश सारखे असले तरी हवा सारखी नसते. आपल्या उत्तरेला हिमालय आहे, मध्य आशियातली गार हवा तो अडवतो. हनोईच्या उत्तरेला तशी भिंत नाही. चीनकडून येणारी थंड हवा थेट शहरात उतरते. म्हणून सुरतेच्या रेषेवर असूनही हनोईचं जानेवारीचं सरासरी तापमान 16-17 अंशांच्या आसपास असतं, आणि दमट हवेमुळे ती थंडी आकड्यापेक्षा जास्त बोचते.

आता पाऊस. दक्षिणेकडे, म्हणजे हो चि मिन्ह सिटी आणि मेकाँगच्या मुखाच्या प्रदेशात, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो, साधारण मे ते ऑक्टोबर, थोडा नोव्हेंबरपर्यंत. उत्तरेत मे ते सप्टेंबर उकाड्याचा आणि पावसाचा काळ; जुलै ते सप्टेंबर चक्रीवादळांचाही. 2024 च्या सप्टेंबरमधलं यागी वादळ हालाँगच्याच किनारपट्टीवर आदळलं होतं.

मधल्या पट्ट्याचं गणित मात्र उलटं आहे. उन्हाळ्यातले नैर्ऋत्य वारे चुआँग सॉन पर्वतरांगेच्या पलीकडे, लाओसच्या बाजूला पाऊस टाकतात आणि अलीकडे उतरताना कोरडे, तापलेले होऊन येतात. ऑक्टोबरपासून वारा फिरतो. ईशान्येकडून येणारी हवा दक्षिण चीन समुद्रावरून बाष्प घेते, त्याच पर्वताला पूर्वेकडून धडकते आणि सगळं पाणी जुनी राजधानी ह्युए, दा नांग, होई आन या अरुंद किनारपट्टीवर रिकामं करते. चेन्नईला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस का पडतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच समजेल. वारे तेच आहेत, फक्त इथे किनाऱ्यालगत डोंगर उभा असल्याने मारा कितीतरी मोठा.

दिवाळीची तारीख का नापास झाली

दा नांगला ऑक्टोबरात सरासरी 600 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नोव्हेंबरात सुमारे 400. बडोद्याला अख्ख्या पावसाळ्यात साधारण 900 पडतो, यावरून अंदाज यावा. ह्युए याहून ओलं.

कुटुंबातल्या बाबांचा प्रश्न रास्त होता: 2025 च्या ऑक्टोबरअखेर होई आन पाण्यात गेलं ते अपवादात्मक होतं, दर वर्षी थोडंच तसं होतं? बरोबर आहे. त्या वेळी ह्युएजवळच्या बाख मा डोंगरावर 24 तासांत 1,700 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. नोव्हेंबर 1999 मध्ये खुद्द ह्युए शहरात एका दिवसात 1,300 च्या वर पडला होता. असे पूर रोजचे नाहीत. पण सहल बुडायला पूर यावाच लागत नाही. मधल्या व्हिएतनामचा नोव्हेंबरातला नेहमीचा पाऊस दोन-तीन दिवस सलग रेंगाळतो. आभाळ उघडत नाही, समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटा. तीन रात्री राहणाऱ्याच्या वाट्याला कदाचित पूर्ण मुक्काम तसाच येतो. शिवाय होई आनची जुनी वस्ती थू बॉन नदीच्या काठावर अगदी सखल आहे. नदीलगतच्या गल्लीत घोटाभर पाणी चढणं तिथे पावसाळ्यात नवलाचं नाही. विश्वामित्रीला पाणी चढलं की काय होतं ते बडोदेकरांना समजावून सांगायला नको. फरक इतकाच की परदेशात सामान वरच्या मजल्यावर हलवायला शेजारी नसतात आणि आजीच्या गुडघ्यांना ओल्या दगडी गल्ल्या चालवत नाहीत.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण बहुतेक गफलती इथेच होतात. मिलिमीटरचा आकडा एकटा पुरेसा नाही. पाऊस कसा पडतो ते पाहावं. हो चि मिन्ह सिटीत जून-जुलैत महिन्याला 300 च्या आसपास पडतो, तरी तो बहुधा दुपारनंतर तास-दोन तास कोसळून थांबतो. सकाळ मोकळी मिळते, सहल चालू राहते. मधल्या पट्ट्यात तेवढ्याच पावसाने आठवडा जातो. आणि हनोईत मार्चमध्ये जेमतेम 50 मिलिमीटर पडतो, पण तो बारीक भुरभुर होऊन कित्येक दिवस टिकतो. कपडे वाळत नाहीत आणि हालाँगचे डोंगर धुक्यात जातात. आकडा लहान, त्रास मोठा.

नोव्हेंबरचं दुसरं अंग प्रामाणिकपणे सांगायला हवं. उत्तर व्हिएतनामसाठी हा वर्षातला सर्वांत चांगला काळ आहे. हनोईत दिवसा 25 अंशांच्या आसपास, हवा कोरडी, हालाँगला दूरवरची बेटं स्पष्ट दिसतात. दक्षिणेतही पाऊस ओसरत असतो आणि फू क्वॉक बेटाचा मोसम सुरू होतो, कारण ते पश्चिमेला थायलंडच्या आखातात आहे आणि ईशान्येच्या वाऱ्यांपासून आडोशाला. म्हणून दिवाळीतच जायचं असेल तर पहिला पर्याय असा निघाला: हनोई, जवळचं निन बिन्ह, हालाँग, मग विमानाने थेट फू क्वॉक किंवा हो चि मिन्ह सिटी. दा नांग-होई आन पूर्ण वगळायचं. आमच्या मते ही सहल उत्तम झाली असती.

ती का झाली नाही? कारण घरात विचारल्यावर वेगळंच समोर आलं. मुलीला होई आनचे कंदील आणि बा ना डोंगरावरचा सोनेरी पूल पाहायचा होता, तिच्यासाठी सहल म्हणजे तेच होतं. आजोबांना मी सॉनची शिवमंदिरं पाहायची होती. चाम राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात बांधलेला हा मंदिरसमूह होई आनपासून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. बाबांना हालाँग हवंच होतं, पण बाबा म्हणाले, ‘धुकं असलं तरी चालेल.’ म्हणजे सहा जणांपैकी दोघांचा जीव मधल्या पट्ट्यात होता आणि उत्तरेबाबत तडजोड चालणार होती. तारीख ठरवण्याआधी हे विचारलं असतं तर दिवाळीचं पॅकेज हातात घेतलंच नसतं.

उरलेल्या सुट्ट्या

नाताळच्या आठवड्यात दक्षिण आणि फू क्वॉक उत्तम, पण दा नांगला पावसाचं शेपूट बाकी असतं, हनोई गार असतं आणि दर चढलेले. हा पर्याय दहा मिनिटांत बाजूला पडला.

मे महिन्याचा मोह जास्त होता. वेकेशन मोठं, दा नांगचा समुद्र शांत, पाऊस कमी. बडोद्यात 42 अंश असताना तिथले 34-35 सुसह्य वाटतात. पण बडोद्याचा मे कोरडा आहे, इथे घाम वाळतो. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर हवेत इतकी दमटी असते की 35 अंशांत 40 अंशांची धग जाणवते, आणि ह्युएच्या बाजूला लाओसकडचा तो गरम वारा सुटला तर पारा खरोखरच 38-40 वर जातो. मी सॉनच्या उघड्या आवारात 74 वर्षांच्या माणसाला अशा उन्हात चालवू नये. शिवाय मे महिन्यात उत्तरेत वादळी सरी आणि दक्षिणेत पावसाळा सुरू झालेला असतो. फक्त दा नांगला जाणारं तरुण जोडपं असतं तर आम्ही मे चालेल म्हटलं असतं. या घरासाठी नाही.

फेब्रुवारीत मुलांच्या परीक्षा. तशाही 2027 मध्ये तिथलं चांद्र नववर्ष, म्हणजे तेत, 6 फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात दुकानं आणि खानावळी मोठ्या प्रमाणावर बंद राहतात, आगगाड्या-विमानं गावी जाणाऱ्यांनी भरलेली असतात. तेत दर वर्षी जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत सरकतं, म्हणून तारीख त्या त्या वर्षी पाहावी लागते.

राहिला मार्चचा शेवट. परीक्षा संपलेली, 22 मार्चला धुळवड, नवं शैक्षणिक वर्ष 5 एप्रिलच्या सोमवारी सुरू आणि 7 एप्रिलला गुढीपाडवा. मधली खिडकी 23 मार्च ते 2 एप्रिल.

या खिडकीत दा नांगला महिन्याला 25 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दिवसा 28-29 अंश. मे-जूनचा दाह अजून दूर. हो चि मिन्ह सिटी कोरडी, पण तापलेली, 34 अंश. कमकुवत बाजू उत्तरेची: भुरभुर आणि धुकं. त्याचं कारण असं की हिवाळ्याच्या पूर्वार्धात चीनकडची थंड हवा जमिनीवरून येते म्हणून कोरडी असते. फेब्रुवारीपासून तिचं केंद्र पूर्वेला समुद्रावर सरकतं आणि तीच हवा टाँकिनच्या आखातावरून ओलसर होऊन येते. एप्रिल जवळ येईल तशी ही भुरभुर कमी होत जाते.

क्रम ठरवताना

या शेवटच्या वाक्यावरून मार्गाची दिशा ठरली. एजंटचं पॅकेज हनोईपासून सुरू होत होतं. आम्ही ते उलटं केलं: दक्षिण आधी, उत्तर शेवटी. आठवडाभर उशिरा हनोईत पोचल्याने लख्ख ऊन मिळेलच असं नाही, पण शक्यता वाढते आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

23 च्या रात्री अहमदाबादहून निघून 24 ला सकाळी हो चि मिन्ह सिटी, दोन रात्री. पहिला दिवस फक्त झोप आणि संध्याकाळचा फेरफटका. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मेकाँगच्या बाजूला मी थो, सुमारे 70 किलोमीटर. दुपारी 12 नंतर खोलीत. युद्धकाळातले कू ची बोगदे गाळले, वाकून चालणं आजी-आजोबांना जमणारं नाही.

26 ला सकाळच्या विमानाने दा नांग, आणि तिथून 30 किलोमीटरवर होई आनला सलग चार रात्री, एकाच हॉटेलात. आईची एकच अट होती, बॅगा सारख्या भरायला लावू नका, आणि ती इथे पूर्ण झाली. मी सॉनला सकाळी 7 ला निघून 11 च्या आत परत. बा ना डोंगरासाठी एक नाही, दोन दिवस राखून ठेवले, 27 आणि 29. सोनेरी पूल 1,400 मीटर उंचीवर आहे. खाली लख्ख ऊन असताना वर ढग बसलेला असू शकतो. सकाळी वरची हवा विचारून मगच तिकीट काढायचं, आणि वर जाताना सगळ्यांनी स्वेटर घ्यायचा. ह्युए वगळलं. मधला हाय वान घाट हा हवामानाचा उंबरठाच आहे: उत्तरेची ओली गार हवा बऱ्याचदा त्या डोंगरापाशी थबकते, त्यामुळे मार्चमध्ये दा नांगला ऊन आणि घाटापलीकडे ह्युएला मळभ असं घडतं. जाऊन-येऊन 200 हून जास्त किलोमीटर करून राखाडी आभाळाखालची राजवाड्याची पायपीट या कुटुंबाला नको होती.

होई आनचा खास कंदील-उत्सव चांद्र महिन्याच्या चौदाव्या दिवशी असतो, म्हणजे आपल्या शुक्ल चतुर्दशीच्या आसपास. मार्चमध्ये तो 21 ला येतो, आणि होळी घरी करायची म्हणून तो हुकणार. मुलगी थोडी हिरमुसली. पण कंदील रोज संध्याकाळी लागतात आणि उत्सवाच्या रात्री पुलावर पाय ठेवायला जागा नसते. आजीला घेऊन जायचं तर साधी संध्याकाळच बरी. ज्यांना जमत असेल त्यांनी मात्र तिथीशी तारीख जुळवून पाहावी. पौर्णिमा-अमावास्येला तिथे अनेक बौद्ध घरांत शाकाहार पाळतात, त्यामुळे ‘चाय’ लिहिलेल्या शाकाहारी खानावळींतही त्या दिवशी जास्त पदार्थ मिळतात.

30 मार्चला विमानाने हनोई. 31 ला हालाँगच्या बोटीवर रात्र, 1 एप्रिलला हनोईत परत, 2 ला घरी. बोटीची रात्र परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नये यावर आम्ही अडून बसलो. वारा वाढला किंवा धुकं दाटलं की बंदरखातं बोटी सोडत नाही. बोटवाल्याच्या हाती काही नसतं. परतताना उशीर झाला तर मध्ये एक रात्र हवी. ‘पैसे दिलेत, बोट सोडा’ असा हट्ट कुणी धरू नये. जुलै 2025 मध्ये अचानक आलेल्या वादळात याच खाडीत पर्यटकांची बोट उलटून अनेकांचे जीव गेले.

बोट रद्द झाली तर त्या रात्रीसाठी निन बिन्ह. हनोईपासून सुमारे 95 किलोमीटर, दोन तासांच्या आत. चांग आनच्या वल्ह्याच्या नावेत बसून चुनखडीच्या डोंगरांमधून आणि गुहांतून दोन-तीन तास फिरता येतं. डोंगर अगदी जवळ असल्याने भुरभुरीत किंवा धुक्यातही दिसायचं ते दिसतं. हालाँगला मात्र सगळी गंमत दुरून दिसणाऱ्या बेटांच्या रांगांची आहे. त्यातल्या तीतॉप बेटावर 400 हून जास्त पायऱ्या आहेत. आजी बोटीवरच थांबतील, हे आधीच ठरलेलं बरं.

बुकिंगची उतरंड

आधी परीक्षेचं वेळापत्रक शाळेकडून लेखी हाती घ्यायचं, मगच विमान. जाताना हो चि मिन्ह सिटी आणि येताना हनोई असं तिकीट काढायचं; परत दक्षिणेला येण्याचा एक दिवस आणि एक विमानप्रवास वाचतो. अहमदाबादहून व्हिएतनामला थेट विमानं आहेत, पण त्यांचे वार बदलतात, म्हणून मार्गाच्या तारखा विमानाच्या वारांशी एक-दोन दिवस पुढेमागे करायची तयारी ठेवायची.

ई-व्हिसा प्रत्येकाचा वेगळा, लहान मुलांचाही. एकदा प्रवेशाचा 25 डॉलर, 90 दिवसांपर्यंत. फक्त सरकारी संकेतस्थळावर. व्हिएतनामला पोचल्यापासून निदान सहा महिने पासपोर्ट चालू असावा. अर्जात प्रवेशाचं आणि निर्गमनाचं ठिकाण निवडावं लागतं: इथे प्रवेश तान सॉन न्यात (हो चि मिन्ह सिटीचा विमानतळ), निर्गमन नोई बाई (हनोईचा). एजंटचा जुना हनोई-प्रवेशाचा नमुना तसाच भरला गेला तर गोंधळ होतो. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसं, वडिलांच्या नावासकट. मराठी-गुजराती पासपोर्टांवर मधलं नाव असतं आणि घाईत तेच सुटतं. अर्ज फेब्रुवारीच्या शेवटी करायचा, तेतच्या सुटीत कचेऱ्या बंद असतात.

हॉटेलं रद्द करता येणारी, बोट तारीख बदलून देणारी. त्यासाठी थोडं जास्त द्यावं लागलं तरी द्यावं. प्रवासविम्यात ‘पाऊस होता’ म्हणून पैसे मिळत नाहीत. विमान रद्द होणं, उशीर, आजारपण यांच्या अटी मात्र वाचून घ्याव्यात, आजी-आजोबांच्या आधीच्या दुखण्यांची नोंद करून.

सामानात तीन हवामानं एकाच बॅगेत बसवायची आहेत आणि देशांतर्गत स्वस्त विमानांत हातातलं सामान 7 किलोच चालतं. सुती कपडे, प्रत्येकाला एक स्वेटर, टोपीचा पातळ रेनकोट. छत्री वाऱ्यात आणि नावेत कामाची नाही. आजीला घसरणार नाहीत असे पट्ट्याचे बूट, निघण्याआधी पंधरा दिवस पायात घालून सवय केलेले.

हवामानाचा अंदाज महिनाभर आधी मोबाइलवर पाहण्यात अर्थ नाही. तो बहुतेक सरासरीच दाखवतो. 17 मार्चपासून रोज पाहायचा, व्हिएतनामच्या राष्ट्रीय हवामान केंद्राचा. बा ना डोंगराचा दिवस 26 च्या संध्याकाळी ठरेल (तिकीट मात्र सकाळीच), बोट की निन बिन्ह हे 29 च्या रात्री.

आणि शाळेने परीक्षा पुढे ढकलली तर? मग हीच सहल मे महिन्यात न्यायची नाही. 2027 ची दिवाळी 29 ऑक्टोबरला आहे. तेव्हा होई आन सोडून हनोई, हालाँग आणि फू क्वॉक करायचं, आणि मुलीची कंदिलांची सहल पुढच्या मार्चसाठी राखून ठेवायची.